कोरी चौकट

१

जयदेव भोईर गेले, त्या सकाळी त्यांच्या उशाखाली ते ठणठणीत असल्याचा रिपोर्ट होता.

उशाखाली म्हणजे अगदी खरोखर उशाखाली. सोनिवलीत आल्यागेल्याला ते तो काढून दाखवायचे, ‘बघ, बैलासारखा हाय मी,’ म्हणायचे आणि पुन्हा जागच्या जागी सरकवायचे. दिवाळीनंतर तपासणी झाली आणि माघात माणूस गेला. गोठ्यात चारा टाकून आले, ओटीवर टेकले, पाणी मागितलं. सगुणाबाई तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. आणि एवढं मोठं दुखणं काही एका दिवसात होत नाही, आधीपासून असणार.

आधीपासून होतं, तर रिपोर्टात का नव्हतं?

हा प्रश्न घेऊन त्यांचा मुलगा अल्पेश तेराव्यानंतर बदलापुरात कुमुदिनी कर्णिकांच्या दारात उभा राहिला. कुमुदिनीबाईंनी त्याला पाचवीत शिकवलं होतं. शाळा सुटून त्यांना आता बरीच वर्षं झाली होती, तरी दुपारी आसपासची पोरं गणितं घेऊन यायचीच. हरवलेल्या वस्तू आणि खोटं बोलणारी मुलं, या दोन विषयांत बाईंचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. मोठी माणसंही आपले गुंते घेऊन त्यांच्याकडे यायची.

“बाई, माझं एक ऐका.”

“आधी चप्पल सरळ कर. उलटी पडलीय.”

तिशी ओलांडलेल्या, दोन गाड्यांचा मालक असलेल्या अल्पेशने मुकाट्याने मागे वळून चप्पल सरळ केली. मग लिफाफा पुढे ठेवला.

“सगळं नॉर्मल लिहिलंय. ईसीजी नॉर्मल, एक्स-रे नॉर्मल. उल्हासनगरला, कॅम्प तीनमधलं सेंटर आहे. मीच घेऊन गेलो होतो, रिपोर्टपण मीच आणला. गावातली सगळी म्हातारी माणसं माझ्या गाडीत बसवली, म्हटलं एकदा सगळ्यांची बॉडी चेक होऊन जाऊ दे. आता तिथले डॉक्टर बोलतात, वकिलाला घेऊन या. बाई, यांनी टेस्ट केलीच नाय. नुसता कागद छापला. नायतर कोणी तरी मुद्दाम गेम केलाय. मला नाव पाहिजे. बस एक नाव.”

“नाव मिळालं तर काय करशील?”

“ते मी बघेन.”

“हात उचलणार असशील, तर मी या भानगडीत पडणार नाही.”

“बाई, माझा बाप गेलाय.”

बाईंनी लिफाफा आपल्याकडे ओढला. “शोधते. पण जे निघेल ते ऐकून घ्यायचं.”

“आणि तुम्ही लपवायचं नाय. तुम्ही कधी आमच्यापासून उत्तर लपवलं नाय.”

“मी उत्तर कधी सांगितलंही नाही रे. तुम्हालाच शोधायला लावलं.”

“म्हणून तर तुमच्याकडे आलो.”

बाईंनी चष्मा लावून रिपोर्ट पाहिला. नाव, जयदेव महिपती भोईर. वय, पुरुष, तारीख, सगळं जागच्या जागी. उजव्या कोपऱ्यात एक चौकट होती आणि तिच्याखाली छापलं होतं, ‘तपासणीस आलेल्या व्यक्तीचे छायाचित्र’.

चौकट कोरी होती.

“अल्पेश, इथला फोटो कुठंय?”

“काय माहीत. सिस्टीम बंद असेल तेव्हा,” अल्पेश म्हणाला.

२

सोनिवलीत आता शेताच्या बांधाला बांध लागून इमारती उभ्या राहिल्या आहेत. भोईरांचं घर मात्र अजून कौलारू आहे आणि ओटीवर बसलं की समोर गोठाच दिसतो. सगुणाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. बाई त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसल्या. कोणी खुर्ची आणली, ती तशीच राहिली.

“रिपोर्ट आला तेव्हा काय म्हणाले?”

“हसले. बोलले, सगुणे, अजून वीस वर्षं तुला छळतो.” सगुणाबाईंनी पदराने नाक पुसलं. “मीच बोलले होते त्यांना, छातीत जळजळतंय तर दाखवा एकदा. रिपोर्ट आल्यावर मी गप बसले. कागदाच्या वर मी काय बोलनार? अडाणी बाय मी. पन नसते गप बसले तर, बाई?”

बाईंच्या मनात मात्र ती कोरी चौकट होती. त्यांनी दुसराच प्रश्न विचारला.

“सगुणाताई, त्यांना आयुष्यात कधी मोठं काही लागलं होतं? हाड मोडलं, ऑपरेशन झालं, असं काही?”

“एकदा. लगनानंतर दुसऱ्याच वर्षी. बैलगाड्यांच्या शर्यतीत पडले.” त्यांनी स्वतःच्या डाव्या खांद्याजवळचं, गळ्याखालचं आडवं हाड चाचपलं. “ह्ये हाड मोडलं. आतमधी लोखंडाची पट्टी घातली डाक्टरनं. थंडीत ठनकायची. मी विटेचा तुकडा तापवून शेकून द्यायचे.”

“नंतर काढली ती?”

“नाय. आतच ऱ्हायली.” त्या उठल्या, देवघराच्या फळीवरून स्टीलचा डबा काढून आणला आणि बाईंच्या मांडीवर ठेवला. “अस्थी गोळा करताना मिळाली. अल्पेश टाकून देत होता. मी बोलले, दे हिकडं. यवढी वर्षं शेकली, आता टाकू कशी?”

डब्यात बोटभर लांबीची, जळून काळी पडलेली पट्टी होती. तिच्या भोकांत दोन स्क्रू अजून अडकलेले होते.

बाईंनी लिफाफ्यातून एक्स-रे काढला आणि उठून दारातल्या उजेडात धरला. छातीच्या फासळ्या पिंजऱ्यासारख्या उमटल्या होत्या. वर, गळ्याखाली, दोन्ही बाजूंची आडवी हाडं स्वच्छ, सरळ, कधी न मोडलेली. धातू असता तर तो एक्स-रेत पांढराफटक दिसला असता. इथे तो कुठेच नव्हता.

“काय झालं बाई?” अल्पेश मागे येऊन उभा राहिला होता.

“टेस्ट झालीय,” बाई हळूच म्हणाल्या. “नीट झालीय. पण हा एक्स-रे तुझ्या वडिलांचा नाही.”

३

कॅम्प तीनच्या बाजारात जीन्सचे गठ्ठे रस्त्यापर्यंत रचलेले असतात आणि त्यातूनच रिक्षा जातात. तपासणी केंद्र अशाच एका गल्लीत पहिल्या मजल्यावर होतं. खिडकीशी चैत्राली नावाची मुलगी बसायची. अल्पेशला पाहिल्यावर तिचा चेहरा उतरला. तो आधी येऊन आरडाओरडा करून गेला होता.

“घाबरू नकोस गं,” बाई म्हणाल्या. “मी भांडायला नाही आले. मला फक्त समजून घ्यायचंय. इथे माणूस आला की तू काय करतेस?”

“ओरिजिनल आयडी बघते. आधार, मतदान कार्ड, काहीही चालतं, फक्त फोटोवालं पाहिजे. नाव आणि जन्मतारीख टाकते, या कॅमेऱ्यात फोटो काढते. मग त्यांचा नंबर पडतो.”

“आणि रिपोर्ट देताना?”

“नाव, जन्मतारीख आणि फोटो बघून देतो.”

“फोटो नसेल तर?”

चैत्राली अडखळली. “मग… नाव आणि जन्मतारीख.”

“जयदेवरावांची जन्मतारीख काय पडलीय?”

“एक जून.” मग तिला राहवलं नाही. “मॅडम, त्या गाडीतले सगळेच्या सगळे एक जूनचे होते! मी बोलले पण मस्करीत, आज काय काका लोकांचा सामुदायिक बर्थडे आहे काय?”

बाईंना यात नवल वाटलं नाही. जुन्या काळी आई सांगायची, ‘भात कापायला आला होता तवा झाला.’ तेवढ्यावर तारीख कशी काढणार? शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. मग गुरुजी एक जून लिहून टाकायचे, पोरगं वयात बसायचं आणि सगळ्यांचं काम व्हायचं. तीच तारीख पुढे दाखल्यावर, दाखल्यावरून आधार कार्डावर. महाराष्ट्रात साठीच्या पुढची निम्मी माणसं एकाच दिवशी जन्माला आली आहेत. त्या पिढीत जन्मतारखेवरून माणूस ओळखायला जाणं म्हणजे धोतरावरून माणूस ओळखण्यासारखं आहे.

“म्हणजे उरलं नाव,” बाई म्हणाल्या. “अल्पेश, गावात तुझ्या वडिलांच्या नावाचा दुसरा कोणी आहे?”

“कोणी नाय. जयदेव भोईर एकच. जन्म गेला माझा तिथे.”

चैत्रालीने तोंड उघडलं, अल्पेशकडे पाहिलं आणि मिटलं.

“त्या दिवशी फोटो का काढले नाहीत, चैत्राली?”

“गर्दी होती,” ती म्हणाली. मान खाली घातली. डोळ्यांतून टपकन पाणी पडलं, कीबोर्डवर.

“बघितलं?” जिना उतरताना अल्पेश तडकला. “चोराच्या मनात चांदणं. काय तरी लपवतेय ती.”

लपवतेय, हे खरं होतं. पण आयुष्यभर बाईंनी लपवणारी पोरं पाहिली होती. घाबरलेलं पोर बाईंकडे बघतं, शिक्षा कोण देणार तिकडे बघतं. या मुलीने बाईंकडे एकदाही बघितलं नव्हतं. ती अल्पेशकडे बघत होती आणि तिच्या नजरेत भीती नव्हती. कीव होती.

४

“बाई, मला कळलं कोण ते.” गाडी सुरू करण्याआधीच अल्पेश म्हणाला. “जनूतात्या.”

“हे कोण?”

“आमच्या भावकीतले. शेजारचं शेत. बांधावरून आमच्यात बोलणं नव्हतं, मी शाळेत होतो तेव्हापासून. तपासणीच्या दिवशी बाबाच बोलले, त्यालापण घे गाडीत, म्हातारा झालाय. घेतलं. आणि बघा, तपासणीनंतर पंधरा दिवसांत हा माणूस आमच्या ओटीवर येतो आणि बोलतो, जयदेव, बांध तुझा. एवढी वर्षं कोर्टात जायला निघालेला माणूस! का बोलेल असं? मनात पाप असल्याशिवाय?”

“आणखी काय केलं त्यांनी?”

“बैलजोडी देऊन टाकली. पोरीचं, स्वप्नालीचं लग्न घाईघाईत उरकलं. मंडप नाय, डीजे नाय, काय नाय. आता अंबरनाथला बहिणीकडे जाऊन लपलाय. आणि बाबांच्या चितेपाशी काय रडला माहितीये? बोलतो, तुज्या आधी माजा नंबर व्हता रं. नाटक नुसतं. मी आत्ता जातो आणि त्याची कॉलर…”

“किल्ली दे.”

“बाई…”

“गाडीची किल्ली दे.”

अल्पेशने किल्ली दिली. बाईंनी ती पर्समध्ये टाकली.

“आता ऐक. तुझ्या वडिलांच्या लिफाफ्यात दुसऱ्या कुणाच्या तरी निरोगी छातीचा एक्स-रे आहे. मग तुझ्या वडिलांचा रिपोर्ट कुठे गेला? हवेत तर विरला नाही. तो दुसऱ्या कुणाच्या तरी हातात पडला. त्यात काय लिहिलं असेल?”

“की… हार्ट खराब आहे.”

“आपलं हृदय संपत आलंय, असं वाचलेला एक माणूस या गावात फिरतोय. त्याला ते खरंच वाटणार. असा माणूस काय करेल?”

अल्पेश स्टीअरिंगवर बोट फिरवत राहिला. त्याला ते जुळेना की जुळवून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे. बाईंच्या डोळ्यांसमोर मात्र एकेक गोष्ट उभी राहिली. देऊन टाकलेले बैल, सोडून दिलेला बांध, घाईने उजवलेली लेक. ही पापाची लक्षणं नव्हती. ही आवराआवर होती.

“पण बाई, नाव तर जुळत नाय. जनू कुठे आणि जयदेव कुठे.”

“हो,” बाई म्हणाल्या. “तेवढंच बघायचं राहिलंय.”

५

अंबरनाथला त्या एकट्याच गेल्या. जनूची बहीण बकुळा दारात मेथी निवडत बसली होती.

“कोन पायजे?”

“जनूभाऊ.”

“तो कोनाला भेटत नाय. साधू झालाय मोठा.” बकुळाने जुडी आपटली. “पोरीचं लगीन उरकलं, बैल देले, न हितं येऊन भिंतीकडं तोंड करून बसलाय. इचारलं तर बोलतो, तुला काय करायचंय. मना नाय तर कोनाला करायचंय?”

“बकुळाताई, जनू हे काही त्यांचं शाळेतलं नाव नसेल ना?”

“शालंत जनू कोन लिवतंय? जयदेव नाव त्याचं. आजाचं नाव ठेवलं बानं. न शेजारच्या घरात त्याच वरसाला पोरगा झाला, त्यानीपन तेच ठेवलं. बापांची नावंपन येक, हा थोरला महिपती, तो धाकला महिपती. हाक मारली का दोन घरांतनं दोन पोरं धावायची. म्हून आयनं याला जनू केला. आता त्याला सोताला तरी ठाव हाय का नाय, देव जाने.”

मेथीच्या पानांकडे बघत बाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. सोनिवलीत जयदेव भोईर एकच होता. कार्डावर दोन होते.

आत जनूतात्या खाटेवर बसले होते. दाढी वाढलेली, पण अंगाने काटक, ताठ. बाईंनी नमस्कार केला आणि सरळ म्हणाल्या, “तुमचा तपासणीचा लिफाफा बघायचाय मला.”

म्हातारा दचकला. “तुमाला कोनी सांगितलं?”

“तुम्हीच. जयदेवरावांच्या चितेपाशी.”

ते खाटेवरून खाली उतरले. मग खाटेखालची ट्रंक ओढली, धोतरांच्या तळातून लिफाफा काढला. वरच्या कागदावर लाल शाईने लिहिलं होतं, ‘ताबडतोब हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावे.’ याही रिपोर्टाची चौकट कोरी होती.

“मी बहिनीकडं आलोवतो तवा रिक्षानं जाऊन सोताच घेतला. कार्ड दावलं, पोरीनं देला. हितल्या येका पोराकडनं वाचून घेतला. दाखवायला नाय गेलो. माजा बा असाच गेला, आपरेशनला नेला न झाकून आनला. मी बोललो, कापाकापी नको. पोरगी उजवू, मंग बघू.”

बाईंनी एक्स-रे खिडकीशी धरला. गळ्याखालच्या डाव्या आडव्या हाडावर बोटभर पांढरी पट्टी आणि तिच्यात खिळ्यांचे ठिपके.

“जनूभाऊ, तुमच्या खांद्यात लोखंडी पट्टी आहे?”

“माज्या? नाय. पट्टी तर जयदेवच्या…”

ते थांबले. हात नकळत स्वतःच्या खांद्यावर गेला होता, तो तिथेच राहिला.

“म्हंजे दादाला काय नाय?” बकुळा दारातून किंचाळलीच. “दादा! तुला काय नाय झालं!”

“बकुळे, गप ऱ्हा.” जनूतात्यांचा आवाज फाटला. “हसू नको.” त्यांनी बाईंच्या हातातला एक्स-रे दोन्ही हातांनी घेतला, लहान मूल घेतात तसा. “हा कागद त्याच्या घरी गेला असता तर त्या पोरानं बापाला पाठीवर घालून दवाखान्यात नेला असता. माज्यासारका भित्रा नाय तो. बाई, मी त्याचं मरन ट्रंकंत घातलं न वर धोतरं रचली.”

बकुळाने बाहेर जाऊन चूल विझवली. शेवटी बाईंनी राहिलेला प्रश्न विचारला.

“तपासणीच्या दिवशी त्या खिडकीशी तुम्ही स्वतः उभे होता का? कार्ड घेऊन?”

“नाय वो. अल्पेशनं उबंच ऱ्हाऊ देलं नाय कोनाला.” म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. “लय गुनाचं पोर. बोलला, तुमी सगळे बाकावर बसा, पाय दुखतील. सगळ्यांची कार्डं येका पिशवीत गोळा केली, आपला मोबाईल नंबर देला सगळ्यांच्या नावाम्होरं, न सोता उबा ऱ्हायला लायनीत.”

जनूतात्या पुढेही काही सांगत होते. बाईंना ऐकू आलं नाही.

६

चैत्रालीला त्यांनी स्टेशनबाहेरूनच फोन केला.

“मॅडम, मी विचारलं होतं त्या दादांना,” ती रडतच म्हणाली. “आतून ओरडून विचारलं, हे नाव दोनदा आलंय, दोन माणसं आहेत का? आणि फोटोसाठी एकेकाला पाठवा. खाली त्यांची गाडी कोणी तरी काढायला सांगत होतं. ते बोलले, ताई, सगळी आमच्याच गावची आहेत, म्हातारी माणसं आहेत, कशाला उठबस करायला लावता, टाका तुम्ही. मी टाकलं. माझीपण चूक आहे मॅडम, मी ऐकायला नको होतं.”

“मग त्या दिवशी माझ्यासमोर का नाही बोललीस?”

“वडील गेलेत त्यांचे. तोंडावर कसं सांगू?”

संध्याकाळी बाई सोनिवलीला पोचल्या तेव्हा अल्पेश ओटीवर वाटच बघत होता. त्यांनी दोन्ही लिफाफे त्याच्यासमोर ठेवले. जनूतात्यांचं खरं नाव सांगितलं, पट्टीचा एक्स-रे दाखवला. तो बराच वेळ त्या पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवून बसला.

“म्हणजे जनूतात्यांनी मुद्दाम नाय केलं.”

“नाही.”

“मग ती काउंटरवाली. दोन लिफाफे एका नावाचे, तिने बघायला पाहिजे होतं.”

“कशावरून बघणार? नाव तेच, तारीख तीच.”

“फोटोवरून. फोटो काढायला काय झालं होतं तिला?”

बाईंच्या ओठांवर पुढचा प्रश्न आला. सवयीने आला, चाळीस वर्षांच्या सवयीने. ‘फोटो काढायला माणूस कुठे उभा असावा लागतो?’ मग त्याने उत्तर दिलं असतं आणि त्याच्यापुढचा प्रश्न, आणि त्याच्यापुढचा. पोराला स्वतःचं उत्तर स्वतः सापडलं की त्याच्या डोळ्यांत जे चमकतं, त्याच्यासाठीच तर त्या जन्मभर शाळेत गेल्या. पण हे उत्तर कुणाला स्वतः शोधायला लावायचं नसतं.

“अल्पेश,” त्या म्हणाल्या, “मी आज सांगते. ओळखपत्र नुसतं आणून चालत नाही रे, त्याच्याबरोबर माणूसही खिडकीशी लागतो. तू त्यांना उभं राहू दिलं नाहीस. प्रेमाने केलंस. पण त्यामुळे…”

“पिशवी,” अल्पेश म्हणाला.

तो त्यांच्या आधीच पोचला होता.

“तिने विचारलं होतं मला,” तो म्हणाला. आवाजात काहीच नव्हतं. “ओरडून विचारलं होतं. दोनदा आलंय नाव. मी बघितलंपण नाय पिशवीत. बाबांचे गुडघे दुखत होते, जिना चढून आले होते, मी बोललो बसा…”

“चूक तुझ्या एकट्याची नाही. त्या गुरुजींनी तारीख ठोकून दिली, त्या मुलीने नियम मोडला, जनूभाऊ गप्प बसले…”

“वाटण्या करू नका, बाई.”

शिकवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

दारात सगुणाबाई उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. अल्पेशने आईकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली, मार खाणाऱ्या पोरासारखी मान आत ओढली. त्या पुढे आल्या. त्यांचा हात उठला तेव्हा बाईंना वाटलं, आता ही त्याला मारणार. हात त्याच्या केसांवर पडला आणि तिथेच राहिला. दोघंही रडत नव्हती. ते बघणं अधिक कठीण होतं.

“बाई,” जरा वेळाने सगुणाबाईंनी विचारलं, “त्यो जनू खरंच बरा हाय? नक्की?”

“रिपोर्ट तर तसंच सांगतो. पण पुन्हा एकदा तपासायला हवं.”

“मंग नेऊन दाखवा त्याला. त्यालाबी पोर हाय.” त्या मुलाकडे वळल्या. “तूच ने.”

“आई, मी नाय…”

“तूच ने.”

७

बदलापूरच्या एका रुग्णालयात बाकं भिंतीला लागून होती. एका टोकाला जनूतात्या, मध्ये कुमुदिनीबाई, दुसऱ्या टोकाला अल्पेश. गाडीत दोघं पुरुष एक शब्दही बोलले नव्हते. जनूतात्यांनी दाढी केली होती, धुतलेला सदरा घातला होता आणि आधार कार्ड मुठीत धरलं होतं. अल्पेशने ते मागितलं नाही. एकदा त्याचा हात पुढे झाला, सवयीने, आणि त्याने तो मांडीखाली दाबून धरला.

खिडकीतून नाव पुकारलं गेलं.

“जयदेव महिपती भोईर!”

अल्पेश ताडकन उठला. ‘आलो’ म्हणायला तोंडसुद्धा उघडलं. मग तो तसाच उभा राहिला. बाईंनी त्याच्या मनगटाला हात लावला, तेव्हा तो हळूहळू खाली बसला.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला जनूतात्या निवांत बसले होते, समोरच्या पंख्याकडे बघत. त्या नावाने त्यांना लहानपणानंतर कोणी हाक मारलीच नव्हती.

“जयदेव भोईर कोण आहेत? आलेत का?” खिडकीतली मुलगी पुन्हा ओरडली. “नसतील तर पुढचं नाव घेते.”

बाईंना बोलता आलं असतं. त्या बोलल्या नाहीत. अल्पेशने त्यांच्याकडे पाहिलं. मग तो उठून म्हाताऱ्यासमोर गेला आणि उकिडवा बसला.

“तात्या, उठा. तुम्हाला बोलवतायत.”

“मना? मंगाशी कोनतं नाव घेतलं तिनं?”

“जयदेव,” अल्पेश म्हणाला. “तुमचंच नाव आहे ते.”